शाळा फ्रेंच, पत्र इंग्रजी : एका घराचे प्रकरण

साडेनऊ वर्षांच्या मुलीने पाठवलेल्या भेटवस्तूबद्दल इंग्लंडमधल्या आजीला पत्र लिहिले. शब्द ९६, चुका २३. हीच मुलगी इंग्रजी बोलताना कुठेही अडखळत नाही, जाडजूड इंग्रजी पुस्तके रात्री दिवा बंद होईपर्यंत वाचते, आणि फ्रेंच शाळेच्या प्रगतिपुस्तकात तिच्याबद्दल चांगलेच लिहिलेले असते. पत्र वाचून आईवडील चपापले. दोन वर्षांनी कुटुंब परत जाणार आणि मुलगी थेट इंग्रजी माध्यमिक शाळेत बसणार.

हे एकाच घराचे चरित्र नाही. फ्रान्समध्ये राहणाऱ्या इंग्रजीभाषक घरांत वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकत्र गुंफून हे प्रकरण मांडले आहे. घरातले आकडे नमुन्यादाखल आहेत, पण चुका मात्र अगदी अशाच असतात.

घरात आईवडील दोघेही इंग्रजी बोलतात. मुलगी सातव्या वर्षी, इंग्लंडमध्ये दोन-तीन वर्षे शिकून, फ्रान्सला आली आणि सीई १ मध्ये, म्हणजे तिथल्या दुसरीत, बसली; आता ती सीएम १ मध्ये, म्हणजे चौथीत, आहे. धाकटा सहा वर्षांचा, सीपीमध्ये, म्हणजे पहिलीत. तो इंग्रजी शाळेत कधी गेलाच नाही; वाचायला शिकतोय तो पहिल्यांदा फ्रेंचमध्येच. एकाच छपराखाली दोन निराळी दुखणी आहेत: मुलीचे आलेले निसटते आहे, मुलाला अजून यायचेच आहे. दोघांना एकच वही आणि एकच वेळापत्रक लावले तर दोघांचेही नुकसान.

शाळेकडून किती अपेक्षा ठेवायची

फ्रान्सच्या प्राथमिक शाळेत आठवड्याला २४ तास अध्यापन असते आणि वर्षाला ३६ आठवडे, म्हणजे ८६४ तास. त्यात परकी भाषा सीपीपासून आठवड्याला दीड तास, वर्षाला ५४ तास. बहुतेक ठिकाणी ती भाषा इंग्रजीच असते, पण हा तास पहिल्यांदाच इंग्रजी ऐकणाऱ्या मुलांसाठी असतो: रंग, आकडे, गाणी, ‘तुझे नाव काय’. घरी इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला त्यातून लेखनाचे काही मिळत नाही. ते शाळेचे काम नव्हे, आणि शिक्षकांकडे त्याबद्दल गाऱ्हाणे नेण्यात अर्थ नाही.

शाळेकडून मिळते ते वेगळेच, आणि ते मोलाचे असते. फ्रेंच शाळा व्याकरण नावानिशी शिकवते. सीएम १ मधल्या मुलीला कर्ता, कर्म, विशेषण, सहायक क्रियापद हे शब्द फ्रेंचमध्ये पाठ असतात. श्रुतलेखनाची, म्हणजे दिक्तेची, सवय असते. वही नेटकी असते. हे सगळे इंग्रजीत फुकट वापरता येते. एका भाषेत पक्की झालेली शैक्षणिक समज दुसऱ्या भाषेलाही उपयोगी पडते, हे द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ पासून मांडले आहे. पण त्यातली मेख अशी की हे आपोआप होत नाही. दुसऱ्या भाषेत लिहायची वेळ यावी लागते. समज वाहून येते, स्पेलिंग येत नाही.

बोलणे आणि वाचन टिकले की लेखनही टिकेल, असे बहुतेक घरांत गृहीत धरतात. वाचताना डोळा शब्दाचा आकार ओळखून पुढे सरकतो, अक्षरांचा क्रम लक्षात राहिला नाही तरी अर्थ लागतो. लिहिताना तो क्रम हाताला पुरवावा लागतो. घरी इंग्रजी चित्रपट लावल्याने कान शाबूत राहतो, हात नाही.

पत्राची चिरफाड

पत्रातल्या २३ चुका तीन ढिगांत वाटल्या. या प्रकरणात सर्वांत उपयोगी ठरले ते हेच काम. त्याला एक संध्याकाळ पुरली.

पहिला ढीग फ्रेंचमधून आलेल्या चुकांचा: ११. त्यात चार स्पेलिंगच्या. ‘ॲड्रेस’ला एकच डी आणि शेवटी ई. ‘एक्झाम्पल’मध्ये मधल्या ए-ऐवजी ई. ‘अपार्टमेंट’ला दोन पी. ‘कम्फर्टेबल’मध्ये एम-ऐवजी एन. या चारही जागी फ्रेंचमध्ये नेमके तसेच लिहितात. मुलीला ते चुकीचे वाटण्याचे कारणच नाही. तीन चुका मोठ्या अक्षराच्या: रविवार, जानेवारी आणि ‘फ्रेंच’ ही भाषा, तिन्ही छोट्या अक्षराने सुरू केलेले. फ्रेंचमध्ये वारांना, महिन्यांना आणि भाषांच्या नावांना मोठे अक्षर लागत नाही. एक चूक विरामचिन्हाची: उद्गारचिन्हाच्या आधी सोडलेली जागा. फ्रेंच शिस्तीत ती हवीच असते. प्रश्नचिन्ह, अपूर्णविराम, अर्धविराम यांच्याआधीही. उरलेल्या तीन वाक्यरचनेच्या. ‘काल मिळाले’ हे सांगताना ‘हॅव्ह’ लावले. ‘मैत्रिणीचा कुत्रा’साठी अपॉस्ट्रॉफी एस न वापरता ‘द डॉग ऑफ माय फ्रेंड’. आणि ‘इन्फर्मेशन’चे अनेकवचन, कारण फ्रेंचमध्ये ते चालते.

दुसरा ढीग इंग्रजीच्या स्वतःच्या अडचणींचा: ८. ‘बिकॉज’, ‘फ्रेंड’, ‘ब्यूटिफुल’, ‘थॉट’, ‘देअर’ची दोन स्पेलिंगे एकमेकांच्या जागी, ‘स्टॉप्ड’मध्ये एकच पी आणि उलट ‘होपिंग’मध्ये दोन, ‘डोन्ट’मधला अपॉस्ट्रॉफी गायब. यातला ‘थॉट’ सोडला तर बाकी सगळे इंग्लंडच्या अभ्यासक्रमात पाच ते सात वर्षांच्या वयात येते. म्हणजे मुलगी हे एकदा शिकून आली होती, आणि दोन वर्षांत ते विरले. ‘थॉट’ तिथल्या तिसरी-चौथीच्या, म्हणजे सात ते नऊ वर्षांच्या, यादीतला. तो तिला कुणी शिकवलाच नव्हता.

तिसरा ढीग निसटत्या चुकांचा: ४. गाळलेला पूर्णविराम, दोनदा लिहिलेला शब्द, असे. यांची ओळख सोपी: मुलीला पत्र मोठ्याने वाचायला सांगा, जी चूक ती स्वतः पकडते ती या ढिगात.

ढीग वेगळे करायचे कारण असे की तिघांवर उपाय वेगळा आहे. पहिल्या ढिगाला समजावणे लागते, आणि ते लवकर लागू पडते, कारण मूल दोन्ही भाषा जाणते. दुसऱ्याला घोटणे लागते आणि ते हळू चालते. तिसऱ्याला फक्त मोठ्याने वाचन. सगळ्याला एकच लाल पेन लावले की मुलाला एवढेच कळते की आपण २३ वेळा चुकलो.

पहिला प्रयत्न आणि तो का फसला

ढीग करण्याआधी घराने तेच केले जे सगळे करतात. इंग्लंडहून सरावपुस्तके मागवली आणि शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास ठरवला. तिसऱ्या आठवड्यात ते बंद पडले.

फ्रान्समध्ये शाळा साधारण साडेचारला सुटते. प्राथमिक शाळेत घरी लेखी काम देण्यास १९५६ पासून परिपत्रकाने मनाई असली तरी वाचन, पाठांतराची कविता आणि दिक्तेचे शब्द घरी येतातच. त्यावर इंग्रजीचा अर्धा तास म्हणजे दिवसातला सर्वांत थकलेला अर्धा तास. दुसरे, सरावपुस्तकात रिकाम्या जागा भरायच्या असतात, लिहायचे नसते. मुलगी रिकाम्या जागेत ‘देअर’ बरोबर भरत होती आणि पत्रात चुकवत होती. पान भरल्याचे समाधान आईवडिलांना मिळत होते, एवढेच.

याच काळात आजीच्या पत्रांतली प्रत्येक चूक दुरुस्त करून ती पुन्हा लिहायला लावण्यात आली. पुढचे पत्र ४१ शब्दांचे आले. ‘ब्यूटिफुल’च्या जागी ‘नाइस’, आणि तेही तीनदा. मूल चुकत नाही याचा अर्थ दर वेळी ते शिकले असा नसतो. कधी कधी ते फक्त अवघड शब्दाला वळसा घालते. फ्रेंच दिक्तेत चुकीमागे गुण कापले जातात, त्यामुळे लाल खूण म्हणजे तोटा हा हिशोब या मुलांच्या मनात आधीच पक्का असतो.

मुलीसाठी बसवलेला आठवडा

बऱ्याच गावांत शाळेचा आठवडा चार दिवसांचा असतो आणि बुधवार मोकळा. तोच धरला. बुधवारी सकाळी, न्याहारीनंतर, खेळाच्या वर्गाआधी ४० मिनिटे. मंगळवारी आणि शनिवारी प्रत्येकी १०. आठवड्याला एक तास, शाळेच्या ३६ आठवड्यांत ३६ तास. सुट्ट्यांत यातले काही नाही, फक्त पत्रे. हा तास वाढवायचा मोह सप्टेंबरमध्ये प्रत्येकाला होतो. वाढवलेला तास नोव्हेंबरपर्यंत टिकत नाही.

बुधवारच्या ४० मिनिटांत पहिली ५ मिनिटे मागच्या आठवड्याच्या शब्दांचे श्रुतलेखन, सुटे शब्द नव्हे तर दोन-तीन वाक्ये. मग २० मिनिटे सलग लेखन, ज्यात कोणी मध्ये बोलत नाही आणि शब्द अडला तर मुलगी अंदाजाने लिहून खाली टिंब देते. मग १० मिनिटे दुरुस्ती. शेवटची ५ मिनिटे पुढचे सहा शब्द निवडायला.

लेखन कुणासाठी, हे इथे विषयापेक्षा महत्त्वाचे. ‘माझी सुट्टी’ असा निबंध मुलगी दोन ओळींत उरकते. चुलत भावाला एखाद्या पत्त्यांच्या खेळाचे नियम कळवायचे असतील तर पाऊण पान लिहिते, कारण नियम अर्धवट कळवले तर तिकडून प्रश्न येतात. महिन्याची पाळी अशी बसली: एक पत्र, एक कृती किंवा नियम, एक गोष्टीचा तुकडा ज्यात किमान चार संवाद असतील, एक मत कारणांसह. संवाद मुद्दाम, कारण फ्रेंच पुस्तकांत संवाद ओळीच्या सुरुवातीला लांब आडव्या रेघेने देतात किंवा कोनी अवतरणांत. इंग्रजीतली वरची अवतरणचिन्हे आणि स्वल्पविरामाची आतली जागा या मुलीने कधी हाताने लिहिलीच नव्हती. परिच्छेदांचेही तसेच: इंग्लंडच्या अभ्यासक्रमात एका मुद्द्याला एक परिच्छेद ही अपेक्षा तिसरी-चौथीपासून असते, आणि ती नेमकी त्याच वयात तिकडून निघून आली.

दुरुस्तीचा नियम: पालक मजकुरावर काही लिहीत नाहीत. चूक असलेल्या ओळीसमोर समासात पेन्सिलीचे टिंब, दोन चुका तर दोन टिंबे. शोधायचे मुलीने. आणि एका वेळी फक्त दोन प्रकारच्या चुकांना टिंब. त्या आठवड्यात वारांची मोठी अक्षरे आणि भूतकाळ असेल तर ‘ब्यूटिफुल’ चुकलेला असला तरी सोडून द्यायचा. हे पालकांना सर्वांत जड जाते.

आठवड्याचे सहा शब्द असे: दोन पहिल्या ढिगातले, दोन मुलीच्या स्वतःच्या चुकांतले, दोन इंग्लंडच्या तिसरी-चौथीच्या सरकारी यादीतले. त्या यादीत सुमारे शंभर शब्द आहेत आणि पाचवी-सहावीची तशीच दुसरी यादी आहे. दोन्ही फुकट मिळतात आणि परतल्यावर शिक्षक त्याच धरून चालतात. पद्धत जुनीच: बघ, झाक, लिही, ताड. तोच शब्द एका आठवड्याने आणि मग तीन आठवड्यांनी पुन्हा श्रुतलेखनात.

पहिल्या ढिगातल्या शब्दांसाठी जोडपत्त्या केल्या. एका बाजूला फ्रेंच, दुसऱ्या बाजूला इंग्रजी, फरकाच्या अक्षराखाली जाड रेघ. ‘मॅरेज’ला इंग्रजीत दोन आर, फ्रेंचमध्ये एक. ‘ट्रॅफिक’ला इंग्रजीत दोन एफ. ‘डान्स’ला इंग्रजीत सी, फ्रेंचमध्ये एस. ‘लँग्वेज’मध्ये इंग्रजीत जी-नंतर यू, फ्रेंचमध्ये तो नाहीच. ‘ऱ्हिदम’मध्ये आर-नंतरचा एच फक्त इंग्रजीत. ‘लिटरेचर’ला फ्रेंचमध्ये दोन टी. एक धोका इथे सांगायला हवा. मूल जो शब्द गोंधळत नाही त्याची पत्ती करू नये. उत्साहात चाळीस पत्त्या केल्या गेल्या आणि पूर्वी बरोबर येणारे तीन शब्द चुकू लागले. पत्ती चूक दिसल्यावरच, आणि तो शब्द सलग तीनदा बरोबर आला की पत्ती डब्याबाहेर.

भूतकाळाचा घोळ समजावून सुटला. फ्रेंचमधला रोजचा भूतकाळ, पासे कॉम्पोझे, दिसायला इंग्रजीच्या ‘हॅव्ह’वाल्या काळासारखा, पण काम साध्या भूतकाळाचे करतो. मुलीला तो सहायक क्रियापदासकट शाळेत शिकवलेलाच होता, त्यामुळे एकच कसोटी पुरली: वाक्यात ‘काल’, ‘गेल्या वर्षी’, ‘दोन दिवसांपूर्वी’ असे संपलेल्या वेळेचे काही आहे का? असेल तर ‘हॅव्ह’ काढ. चार आठवड्यांत ही चूक जवळपास गेली. ‘तीन वर्षांपासून राहतो’ या अर्थाच्या वाक्यात उलट गोष्ट आहे: फ्रेंचमध्ये वर्तमानकाळ चालतो, इंग्रजीत ‘हॅव्ह’ लागतो. ही दोन्ही एकाच आठवड्यात शिकवू नयेत.

हस्ताक्षराला हात लावला नाही. फ्रेंच शाळेत सुरुवातीपासून अक्षरे एकमेकांना जोडून लिहिण्याचे वळण आणि सेयेस आखणीची वही असते, ८ मिलिमीटरची मुख्य ओळ आणि मध्ये २-२ मिलिमीटरच्या बारीक रेघा. इंग्रजीसाठी वेगळे वळण शिकवायचा खटाटोप व्यर्थ. फक्त आकड्यांकडे लक्ष द्यावे: लांब तिरप्या शेपटीचा फ्रेंच एक इंग्रज शिक्षकाला सात वाटू शकतो.

टंकलेखन महिन्यातून एकदाच. घरातला कीबोर्ड फ्रेंच मांडणीचा, ज्यात ए आणि क्यू, झेड आणि डब्ल्यू यांची जागा अदलाबदल झालेली असते. त्यात तपासणीची भाषा फ्रेंचवर राहिली की प्रत्येक इंग्रजी शब्दाखाली लाल रेघ येते; इंग्रजीवर ठेवून आपोआप दुरुस्ती चालू ठेवली तर चूक मुलीला दिसायच्या आत पुसली जाते. भाषा इंग्रजी, आपोआप दुरुस्ती बंद, लाल रेघ शेवटच्या पाच मिनिटांत चालू.

धाकटा

त्याने सीपीच्या पहिल्या सत्रात स्वतःहून इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी पाहून घरच्यांना काळजी वाटली, पण ती चिठ्ठी फार चांगली खूण होती. ‘शी’ असे लिहायला त्याने सी-एच-आय लिहिले. ‘वी’साठी ओ-यू-आय. ‘बुक’साठी बी-ओ-यू-के. ‘ट्री’साठी टी-आर-आय. फ्रेंच कानाने हे सगळे अचूक आहे. फ्रेंच वाचणाऱ्याने ते मोठ्याने वाचले तर इंग्रजी शब्दच ऐकू येतात. मुलाला ध्वनी आणि अक्षर यांचे नाते कळले आहे, फक्त त्याच्याकडे एकाच भाषेचा कोठा आहे.

त्याला इंग्रजी लेखन फेब्रुवारीच्या सुट्टीनंतर सुरू केले. तोवर फक्त मोठ्याने वाचून दाखवणे आणि ध्वनीचे खेळ. दोन्ही भाषांत एकदम सुरू करूनही काही मुलांचे बिघडत नाही, पण सीपीमध्ये फ्रेंच वाचन बसण्याचे ओझे आधीच असते आणि ते लवकर बसते. युरोपातल्या तेरा भाषांची तुलना करणारा एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात शाळेच्या पहिल्या वर्षाअखेर फ्रेंच मुले ओळखीच्या शब्दांपैकी सुमारे ७९ टक्के बरोबर वाचत होती, इंग्रजी शिकणारी ३४ टक्के. इंग्रजीला वेळ लागतो तो इंग्रजीमुळेच, हे लक्षात ठेवले तर घराची निम्मी घाई कमी होते.

आठवड्यात तीनदा १० मिनिटे, वेगळ्या रंगाच्या वहीत. क्रम फरकाचा: आधी ‘श’ आणि ‘च’, कारण फ्रेंचमध्ये सी-एच म्हणजे ‘श’, मग ऱ्हस्व आणि दीर्घ ‘इ’, म्हणजे ‘शिप’ आणि ‘शीप’, मग दोन ओ-चा ‘ऊ’, मग टी-एच आणि शब्दारंभीचा ‘ह’, जो फ्रेंचमध्ये उच्चारलाच जात नाही, शेवटी डब्ल्यू. प्रत्येकाला दोन आठवडे. प्रत्येक बैठकीत सहा शब्द आणि चार-पाच शब्दांचे एक वाक्य.

इथे एक खड्डा हमखास लागतो: अक्षरांची नावे. आई स्पेलिंग सांगताना ‘ई’ म्हणते आणि मुलगा आय लिहितो, कारण फ्रेंचमध्ये आय-चे नावच ‘ई’ आहे. ‘जी’ म्हटले की जे, ‘जे’ म्हटले की जी, कारण फ्रेंचमध्ये जी-ला ‘झे’ आणि जे-ला ‘झी’ म्हणतात. मूल हट्टी नाही, ते नीट ऐकते आहे. पहिले काही महिने स्पेलिंग नावाने सांगायचेच नाही, ध्वनीने सांगायचे किंवा लिहून दाखवायचे. नावे वेगळी, पाच-पाच मिनिटांच्या खेळात.

वर्षाअखेर

जूनमध्ये मुलीकडून त्याच आजीला तशाच कारणाने पत्र लिहून घेतले, मदतीशिवाय. शब्द १८४, चुका १९: पहिल्या ढिगात ३, दुसऱ्यात ११, निसटत्या ५. दुसरा ढीग वाढला हे पाहून वडील खट्टू झाले. पण त्या ११ मध्ये सहा चुका अशा शब्दांच्या होत्या जे तिने आधी लिहायचे धाडसच केले नव्हते, आणि पत्र जवळपास दुप्पट लांब होते. १०० शब्दांमागे चुका २४ वरून १० वर आल्या. ‘फ्रेंड’ मात्र अजून चुकतो.

एक उलटी गळतीही झाली: मार्चमध्ये फ्रेंच दिक्तेत ‘ॲड्रेस’ला दोन डी. शिक्षकांनी घरी फ्रेंच बोलण्याचा सल्ला दिला. तसे करायची गरज नव्हती. जोडपत्ती दोन्ही बाजूंनी घोटून घेतल्यावर तीन आठवड्यांत ते थांबले. शिक्षकांना पत्त्यांचा डबा दाखवल्यावर त्यांनी त्यातले सहा शब्द वर्गाच्या इंग्रजी तासाला घेतले.

पुढच्या वर्षी, सीएम २ साठी, बदल थोडेच आहेत. शब्द सहाऐवजी चार आणि पाचवी-सहावीच्या यादीतले, सलग लेखन २० ऐवजी ३० मिनिटे, टंकलेखन दर पंधरवड्याला. परतीच्या इयत्तेचा हिशोब आत्ताच करून ठेवला आहे: फ्रान्स वर्ग कॅलेंडर वर्षाने ठरवतो, इंग्लंड १ सप्टेंबरपासून. मुलगी मार्चची, त्यामुळे तिचे वर्ग जुळतात. धाकटा ऑक्टोबरचा आहे. तिकडे तो इथल्या सोबत्यांच्या मानाने एक इयत्ता खाली बसेल, आणि त्याच्या इंग्रजी वहीला एक वर्ष जास्तीचे मिळेल.